आई देते त्या पिशव्या: आणायच्या की नको म्हणायचं?

पडवी | ४ सप्टेंबर, रात्री १०.४०

काल सकाळी डोंबिवलीला पोहोचलो. आमचं गाव कुडाळ तालुक्यात. मंगळवारी गौरी-गणपती पोहोचवले आणि त्याच रात्रीची गाडी धरली. लेकीची चाचणी परीक्षा आणि माझी रजा, दोन्हींनी आणखी एक दिवसही राहू दिलं नाही.

आज दुसरा दिवस, तरी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. मोजून सांगते: दहा किलो उकडे तांदूळ, चौदा नारळ, एक अख्खा लाल भोपळा, तीन तवशी (मोठ्या काकड्या), दोन चिबूड, चार पडवळं, कुळीथ, आमसुलं, आगळाची म्हणजे कोकमाच्या रसाची बाटली, पाच लिटर खोबरेल, मसाल्याची बरणी, करंज्यांचा डबा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली हळदीची पानं. आगळाचं बूच सैल होतं, त्यामुळे लेकीचं नवं परकर-पोलकं गुलाबी झालंय. बाकीच्या कपड्यांना सात दिवसांच्या पावसाचा कुबट वास आहे तो वेगळाच.

खरी गोष्ट मात्र पुढे आहे. निघताना आईशी भांडले. दोन मोठी माणसं, एक दहा वर्षांची पोर आणि सामानाचे आठ डाग! तांदळाची पिशवी मी रिक्षातून काढून पायरीवर ठेवली. आई काही बोलली नाही. तिने ती उचलली आणि परत रिक्षात, ड्रायव्हरच्या पायाशी ठेवली. "थंय सगळा इकत घेवचा लागता गो," एवढंच म्हणाली. मी रागात होते. रिक्षा वळेपर्यंत मागे बघितलं नाही. वडील गेल्याला तीन वर्षं झाली, ती एकटीच असते तिथे. तेव्हापासून मला ती रिकामी पायरी दिसतेय. पोहोचल्याचा फोनसुद्धा नवऱ्याने केला.

तुम्ही लोक काय करता? सगळं आणता, की नको म्हणता? नको म्हणायचं तर कसं? आणि हे आणलेलं टिकवायचं कसं तेही सांगा.

काजूगर | ४ सप्टेंबर, रात्री १०.५८

बाकी सगळं राहू द्या, आधी चिबूड बघा. देठाशी चीर गेली असेल तर आज रात्रीच कापा. फ्रिजमध्ये ठेवलात तर उद्या दुधाला, लोण्याला, कणकेच्या गोळ्यालासुद्धा चिबडाचा वास येईल.

तिठा | ४ सप्टेंबर, रात्री ११.०५

आम्ही अजून गावातच आहोत, आमचे अकरा दिवसांचे. हे लिहितोय ते पडवीच्या उजव्या कोपऱ्यात उभा राहून, कारण पूर्ण घरात रेंज फक्त इथेच येते आणि माझ्यामागे तीन चुलतभाऊ रांगेत आहेत. पिशव्या भरणं आत सुरू झालंय. आवाज येतोय.

हिशेबी | ५ सप्टेंबर, सकाळी ८.१५

पडवीताई, मी सरळ बोलतो, रागावू नका. मी काही वर्षांपूर्वी नको म्हणायला शिकलो आणि घरात सगळ्यांचं भलं झालं. माझी मणक्याची तक्रार सुरू झाली ती ठाणे स्टेशनच्या जिन्यावर, दोन्ही हातांत नारळ होते तेव्हा. त्यानंतर दीड महिना अंथरुणावर होतो. ते नारळ तीनचारशे रुपयांचे असतील. डॉक्टरचं बिल मी इथे लिहीत नाही.

दुसरं म्हणजे, आणलेल्यातलं किती खाल्लं जातं ते प्रत्येकाने प्रामाणिकपणे बघावं. आमच्याकडे निम्मं पडवळ दर वर्षी पिवळं पडायचं आणि बायको ते रात्री, कुणी बघत नसताना कचऱ्यात टाकायची. आईने शेणखत घालून, माकडांपासून राखून वाढवलेली भाजी डोंबिवलीच्या कचऱ्यात जाण्यापेक्षा तिथेच शेजारी वाटली गेलेली बरी.

आणि रेल्वेचा नियम: स्लीपरला माणशी ४० किलो सामान मोफत, दुसऱ्या वर्गाला ३५. त्यापुढे सामान बुक करावं लागतं.

तिठा | ५ सप्टेंबर, सकाळी ८.२२

हे ४० किलोचं कृपया आमच्या आईला कुणी सांगू नका. ती २५ वर थांबते ती मर्यादा माहीत नाही म्हणून.

वरणभात | ५ सप्टेंबर, सकाळी ९.४०

हिशेबी, तुमच्या मणक्याचं वाईट वाटलं, खरंच. पण हिशोब पटला नाही. आमच्याकडे बाजारात मिळतं ते खोबरेल आणि घाण्यावरचं घरचं खोबरेल एक नाही. माझ्या सासूबाई मे महिन्यात अंगणात खोबरं वाळवतात, कावळे हाकत दिवसभर बसतात आणि मग घाण्यावर नेतात. ती बाटली उघडली की माझ्या मुलाला आजी आठवते. तो म्हणतो, "आजीचं डोकं वास येतंय." त्याची किंमत कशी लावायची?

दिवा_पॅसेंजर | ५ सप्टेंबर, सकाळी १०.१०

आधी तिकिटाचं बोला! आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० दिवस होतं). गणपतीच्या गाड्यांचं तिकीट मिळवायला आम्ही चौघे भाऊ चार फोन घेऊन बसतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत वेटिंग सुरू होतं. जाताना मी दरवाज्यापाशी उभा राहून गेलो. तरी चिपळूणच्या पुढे पाऊस, हिरवी भातं, प्रत्येक स्टेशनवर डोक्यावर मखर घेऊन उतरणारी माणसं दिसायला लागली आणि पाय दुखायचे थांबले. परत येताना त्याच खिडकीकडे बघवत नाही. माझं तर अजून अर्धं बाकी आहे, आमचे २१ दिवसांचे गणपती असतात. नोकरीसाठी मध्ये आलोय, पुढच्या शुक्रवारी विसर्जनाला परत चाललोय.

नाचणीसत्त्व | ५ सप्टेंबर, सकाळी ११.३०

टिकवण्याचं मी सांगते. गेली वीस वर्षं हेच करतेय.

लाल भोपळा: कापू नका. देठ मोडू नका. खाली गोणपाट घालून हवेशीर कोपऱ्यात ठेवा, दिवाळीनंतरही चांगला राहतो. एकदा चिरलात की चार-पाच दिवस. म्हणून चिराल त्या दिवशी शेजारी दोन घरं आधीच ठरवून ठेवा.

नारळ: शेंडी काढू नका आणि डोळे वर करून उभे ठेवा. फुटायला आले असं वाटलं तर खवून, मुठी-मुठीचे भाग करून फ्रीझरमध्ये.

हळदीची पानं: धुऊन, अगदी कोरडी पुसून, गुंडाळी करून फ्रीझरमध्ये. रंग काळपट होतो, पण वास राहतो. नारळी-गुळाच्या पातोळ्या ऑक्टोबरातही करता येतात.

तांदूळ: हे महत्त्वाचं. प्रवासात पिशवी पावसात भिजली असेल तर तशीच डब्यात ओतू नका. उन्हात घालू नका, उकडा तांदूळ कडक उन्हात तडकतो. सुती चादरीवर पसरून पंख्याखाली एक रात्र, मग कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात. कुळीथ तसेच.

आणि कुबट कपड्यांना शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. आगळाचा डाग जायचा नाही. ते परकर-पोलकं आता गुलाबीच समजा.

काजूगर | ५ सप्टेंबर, सकाळी ११.४८

नारळाचे डोळे खाली. वर नाही.

नाचणीसत्त्व | ५ सप्टेंबर, सकाळी ११.५२

वर. डोळ्याची बाजू नाजूक, तिला आतलं पाणी लागून राहिलं की तिथूनच नासायला लागतो.

काजूगर | ५ सप्टेंबर, दुपारी १२.०१

आमच्या आजोबांची वखार होती आणि... बरं, वर. आत्ताच आईला फोन केला, तीही वर म्हणतेय.

चुलीपाशी | ५ सप्टेंबर, दुपारी २.२०

एरवी फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं. मी गावात राहते. धाकटी सून. दोन दीर मुंबईत, नणंद वसईला. गणपतीत घरात एकवीस माणसं होती.

तुम्ही सगळे आईने दिलं, आईने भरलं म्हणताय. माझ्या सासूबाईही तसंच भरतात आणि त्यांचा जीव आहे तुमच्यावर हे मला दिसतं. पण परसातल्या त्या पडवळाच्या मांडवाला जूनमध्ये काठ्या रोवल्या मी आणि माझ्या नवऱ्याने. कुळीथ थंडीत झोडपले आम्ही. आमसुलांना सात-सात वेळा रस लावून वाळवलं मी, मे महिन्यात, तेव्हा तुमची मुलं आंबे खायला आलेली होती आणि त्यांचंही जेवण माझ्याकडे होतं. त्याचं मला काही नाही. मला मुलं आवडतात. घर भरलेलं आवडतं.

वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. पिशव्या बांधून होतात, सगळे सासूबाईंच्या पाया पडतात, डोळे पुसतात, आणि मी मागे भांडी घासत असते तिथे कुणी येत नाही. यंदा धाकटा पुतण्या आला, सातवीतला. म्हणाला, "काकी, घावणे मस्त होते, मला पीठ भिजवायचं कसं ते लिहून दे." मी लिहून दिलं. आठवडाभर माझा पाय जमिनीवर नाही.

तर आणा की नको, हे तुम्ही ठरवा. पण पिशवी कुणाच्या हाताची आहे ते एकदा विचारा.

वरणभात | ५ सप्टेंबर, दुपारी २.४१

चुलीपाशी, हे वाचून उठले आणि जावेला फोन केला. ती शेतावर होती. संध्याकाळी परत करते.

हिशेबी | ५ सप्टेंबर, दुपारी ३.१०

मलाही उत्तर सुचत नाहीये. आमच्या गावच्या घरी मोठी वहिनी असते. मी एवढी वर्षं वजन मोजत राहिलो, हे कधी मनात आलं नाही. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत.

लातूरवाली | ५ सप्टेंबर, दुपारी ४.०५

आमच्याकडे गौरी नाही म्हणत, महालक्ष्म्या. तीन दिवस. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, आणि जेवायला अख्खी गल्ली. मी पुण्यात असते, माझ्या पिशवीत ज्वारी, तूरडाळ, काळा मसाला, येसर. नारळ नाहीत म्हणून वजन कमी असेल असं समजू नका, ज्वारीचं अर्धं पोतं उचलून बघा!

माझी तक्रार निराळी आहे. परत आल्यावर चार दिवस पोरं जेवत नाहीत. तिकडे पंचवीस जणांच्या पंगतीत बसून तीन पोळ्या खातात आणि इथे आम्ही चौघे टेबलावर बसलो की त्यांना भूकच नसते. काल दोघांनी हॉलमध्ये सतरंजी घातली आणि तिथेच जेवायचं म्हणाले. मीही बसले. गुडघे दुखले, पण दोघेही पोटभर जेवले.

मेलबर्नकर | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.५०

तुम्ही वजनाबद्दल भांडताय ते वाचूनही बरं वाटतंय. इथे ताजी फळं, भाज्या, बिया आणता येत नाहीत, आणि खायचं काही बरोबर असेल तर विमानतळाच्या कार्डावर लिहावंच लागतं. न लिहिता सापडलं तर जागेवर दंड. आई हे सगळं जाणते. तरी दर वेळी निघताना हळदीचं एक पान माझ्या हातात देते. ते मी मुंबईच्या विमानतळापर्यंत खिशात ठेवतो आणि पोहोचवायला आलेल्या भावाला परत देतो. भाऊ ते घरी नेऊन त्याची पातोळी करतो आणि मला फोटो पाठवतो. आठ वर्षं झाली.

तिठा | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ७.१५

मेलबर्नकर, भावाला सांगा एक पातोळी आमच्या नावाची पण कर.

विमानावरून आठवलं: माझा आतेभाऊ गोव्यातल्या मोपा विमानतळावरून जातो. त्याच्या बॅगेतून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून घेतल्या. त्याला वाटलं त्रास देतायत. पण सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानात चालत नाही. आत्या अजून मानायला तयार नाही. म्हणते, "आमच्या माळ्यावर चाळीस वर्षं खोबरं आहे, कधी पेटलं नाही."

मागील_दार | ५ सप्टेंबर, रात्री ९.३०

नमस्कार. मी सत्तरीची आहे, मोबाइलवर सावकाश टाइप करते, चुका असतील तर समजून घ्या. मी पिशव्या भरणारी बाजू.

आधी चुलीपाशी या मुलीला सांगते. बाळा, बरोबर लिहिलंस. माझी सून माझ्याजवळ असते. उद्यापासून पिशवी देताना मी तिचं नाव घेईन. हे मला आधी कळायला हवं होतं.

आता पडवी, तुझं. तुम्ही सगळे येता तेव्हा चार दिवस मला एका जागी बसायला मिळत नाही आणि मला तेच हवं असतं. तुम्ही जाता त्या दिवशी मी तांदूळ कमी घ्यायचे म्हणून घेते, तरी दोन दिवस भात उरतो. हात सवयीने माप घेतो. माटवीची, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या चौकटीची, कवंडळं, तवशी उतरवायची असतात, ती मी दोन दिवस तशीच ठेवते.

पिशवी भरते तेव्हा माझ्या मनात काय असतं ते सांगते. तुमच्याकडे पैसे आहेत, बाजार दाराशी आहे, मला ठाऊक आहे. मी तुला साडी घेऊन देऊ शकत नाही, तुझ्या मुलीच्या फीला हातभार लावू शकत नाही. माझ्याकडे आहे ते एवढंच. ते तू पायरीवर काढून ठेवलंस तर मग मी काय देऊ?

पण हिशेबी यांचंही खरं. टाकून द्यावं लागणारं देऊ नये. माझ्या मुलाने एक वाट काढली. तो येतो त्याच दिवशी सांगतो, "आई, या वेळी आगळ आणि तांदूळ हवेत, भोपळा नको, आम्ही दोघंच आहोत." आल्या दिवशी सांगतो, निघताना नाही. मग मी सात दिवस त्या दोन गोष्टींचीच तयारी करते. निघताना अंगणात नको म्हटलेलं फार लागतं गो. आल्या आल्या म्हटलेलं लागत नाही.

काजूगर | ५ सप्टेंबर, रात्री ९.४४

आजी, तुमचा हा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. ती रडतेय. मी पण.

पडवी | ५ सप्टेंबर, रात्री १०.२०

मागील_दार, तुमचं पोस्ट तीनदा वाचलं. आईला फोन करायला हातात घेतला आणि ठेवला. काय बोलायचं तेच कळेना. उद्या करते. आज नाचणीसत्त्व यांनी सांगितल्याप्रमाणे तांदूळ पसरणार आहे, पिशवीचा तळ ओलसर लागतोय.

नाचणीसत्त्व | ५ सप्टेंबर, रात्री १०.२५

पंखा मध्यम ठेवा. आणि हात फिरवून बघा, गाठी झाल्या असतील तर मोडा.

पडवी | ५ सप्टेंबर, रात्री ११.३५

अहो, तांदळात चावी निघाली!!

पितळी, जुनी, सुतळीचा तुकडा बांधलेली. मला बघताक्षणी ओळखू आली. आमच्या माजघरातल्या फडताळाची. त्यात ताम्हण, पळी, पंचपात्री, मोठी समई, वडिलांची सगळी पूजेची भांडी असतात. आई पाहुणे आले की ती चावी तांदळाच्या डब्यात खुपसते. मापट्याने तांदूळ काढताना आली असणार पिशवीत.

लगेच फोन केला. दुसऱ्या रिंगला उचलला. मी म्हटलं, "आई, फडताळाची चावी..." पुढे बोलूच दिलं नाही. "गावली मां!" एवढ्या मोठ्याने ओरडली की नवरा उठून बाहेर आला. मंगळवारपासून शोधत होती. निर्माल्याबरोबर व्हाळात (ओढ्यात) गेली असं धरून बसली होती. आम्ही काळजी करू म्हणून सांगितलं नाही. १६ तारखेला, दशमीला बाबांचा म्हाळ आहे आणि भांडी कुलपात.

मग मी पायरीचा विषय काढला. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी चुकले." तर ती म्हणते, "खयची पायरी?" तिच्या लक्षातही नव्हतं, किंवा तिने तसं दाखवलं. तासभर बोललो. शेजारच्या गाईला वासरू झालंय.

आता प्रश्न असा, की चावी दहा दिवसांत कशी पाठवू? कुरिअर आमच्या वाडीपर्यंत येत नाही, तालुक्याला जाऊन आणावं लागतं आणि तिचे गुडघे दुखतात.

हिशेबी | ६ सप्टेंबर, सकाळी ७.५०

सगळ्यात आधी, फार आनंद झाला. पण एक सांगू? तुम्ही ती पिशवी पायरीवर ठेवून आला असतात तर चावी आज घरातच असती!

वरणभात | ६ सप्टेंबर, सकाळी ८.०२

आणि पिशवीतच राहिली असती, सापडली असती का? नसती. इथे पसरले म्हणून सापडली.

हिशेबी | ६ सप्टेंबर, सकाळी ८.०६

हेही खरंच. कुडाळात कुलूपवाला मिळेल, तो नवी चावी करून देईल, असं सुचवणार होतो.

पडवी | ६ सप्टेंबर, सकाळी ८.३०

विचारलं तिला. फडताळ पणजोबांच्या वेळचं, कुलूप लाकडात बसवलेलं. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायला ती तयार नाही.

चुलीपाशी | ६ सप्टेंबर, सकाळी ९.१५

आमच्याकडे अशी वस्तू ओळखीच्या माणसाकडेच देतात. वाडीतलं कुणी ना कुणी येत-जात असतंच. आज अनंत चतुर्दशी आहे, बरीच माणसं उद्या-परवा परत मुंबईला येतील. तिकडे जाणारं मात्र कमी. २१ दिवसांच्या गणपतीवालं कुणी बघा.

दिवा_पॅसेंजर | ६ सप्टेंबर, सकाळी ९.२१

अहो, मी आहे ना! शुक्रवारी रात्री तुतारी एक्सप्रेसने चाललोय, कुडाळलाच उतरतो. ठाणे स्टेशनवर भेटा, चावी द्या. शनिवारी दुपारपर्यंत तुमच्या आईच्या हातात. मोटरसायकल आहे भावाची. वाडीचं नाव मला वैयक्तिक निरोपात कळवा, इथे लिहू नका.

पडवी | ६ सप्टेंबर, सकाळी ९.२५

दादा, काय बोलू. कळवते लगेच.

लातूरवाली | ६ सप्टेंबर, दुपारी १२.४०

चावी जाईपर्यंत बाकीच्यांनी आपापले तांदूळ तपासून घ्या. मी ज्वारीत हात घालून बघितला. चावी नाही, पण आईने तळाशी पाचशेची नोट ठेवलीय, रुमालात बांधून. पोरांना खाऊला. कमरेच्या पिशवीतले असणार. एवढ्या लांबून दर वेळी काहीतरी ठेवते आणि सांगत नाही.

तिठा | ८ सप्टेंबर, सकाळी ७.३०

पोहोचलो. नऊ डाग. मी आजीबाईंचं ऐकून आईला सांगायचं ठरवलं होतं, पण आम्ही आलो त्याला दहा दिवस होऊन गेले होते, आल्या आल्या सांगायची वेळ पुढच्या वर्षीची. तेवढं केलं, की वहिनीला मागच्या दारी जाऊन भेटलो. म्हटलं, वहिनी, येतो. ती म्हणाली, "थांबा," आणि दहावा डाग आणून दिला. सुके बोंबील. गणपती गेल्यावरच द्यायचे म्हणून बाजूला ठेवले होते तिने, माझ्यासाठी.

काल रात्री गाडीत ग्रहण बघितलं. खग्रास होतं, ढगांतून मधूनच लाल चंद्र दिसायचा. डब्यात सगळे जागे होते. म्हाताऱ्या बायका खिडक्या बंद करा म्हणत होत्या आणि पोरं उघडत होती.

पडवी | १३ सप्टेंबर, सकाळी ६.४०

काल रात्री ठाण्याला दिवा_पॅसेंजर भेटले. चावी दिली. सोबत आईसाठी गुडघ्याचं तेल आणि लेकीने काढलेलं फडताळाचं चित्र. परकर-पोलकं हट्टाने तेच घालून आली होती, गुलाबी डागासकट. भोपळा अजून अख्खा आहे. पडवळं संपली, एकही वाया गेलं नाही, दोन शेजारी दिली.

दिवा_पॅसेंजर | १३ सप्टेंबर, दुपारी ३.१०

चावी पोहोचली. मावशींनी माझ्यासमोर फडताळ उघडलं, ताम्हण बाहेर काढून पदराने पुसलं आणि मग मला बसायला सांगितलं. चहा, घावणे. चित्र देवघराशेजारी खिळ्याला लावलं.

निघताना मोटरसायकलला पिशवी अडकवलीच. एक पडवळ, चार नारळ, एक चिबूड. मी एकटाच, पावसातला चढ, वर पिशवी. नको म्हणालो नाही. पण आता हे चिबूड भलतंच पिकलंय, घरी पोहोचेपर्यंत फुटेल असं वाटतं. आमच्याकडे कुणी खात नाही. काय करू?

मागील_दार | १३ सप्टेंबर, दुपारी ३.३५

बाळा, आजच संपव. साल काढ, बिया काढ, बारीक फोडी कर. वर किसलेला गूळ घालून झाकून ठेव, अर्ध्या तासात पाणी सुटेल. मग नारळाचा दाट रस, चिमूटभर मीठ, वेलची, आणि खायच्या वेळी मूठभर जाडे पोहे. घरात न खाणाऱ्यांनाही एक-एक वाटी दे. नारळ तिनेच दिलेत चार, त्यातलाच एक फोड.